एका गाढविणीच्या दहा नळ्या

मैनुद्दीनला सगळी पंचक्रोशी डॉक्टर म्हणायची, आणि खरे डॉक्टर समोर खुर्चीत बसलेले असले तरी म्हणायची. त्याचं कारण सरळ होतं. आष्टीहून कड्याकडं जाताना फाट्यावर जो जनावरांचा दवाखाना लागतो, तिथं खरे डॉक्टर यायचे आणि बदलून जायचे. कुणी दीड वर्ष टिकला, कुणी आठ महिने, एक पठ्ठ्या तर बदलीचा अर्ज खिशात घेऊनच रुजू झाला होता. मैनुद्दीन तेवढा एकतीस वर्षं जागचा हलला नाही. हुद्द्यानं तो पट्टीबंधक, म्हणजे मलमपट्टी करायची, जनावर धरायचं, औषधाच्या बाटल्या धुवायच्या. पण अडलेली गाय सोडवायची असो की फुगलेल्या म्हशीच्या पोटातला वारा काढायचा असो, लोक दारातूनच विचारत, "मैनूभाई हाय का?" नसला तर जनावर घेऊन झाडाखाली बसत, पण डॉक्टरांना हात लावू देत नसत.

आता चांगलं सांगून झालं तर दुसरंही सांगितलं पाहिजे, नाहीतर माणसाची गोष्ट सांगायला बसूच नये. दवाखान्याला वरून लक्ष्य यायचं. लाळ्या-खुरकुताची लस तीन हजार जनावरांना टोचा, महिन्याच्या आत कळवा. तीन हजार जनावरं आणायची कुठून? दसरा झाला की निम्मं गाव बैलं घेऊन ऊसतोडीला निघून जायचं. गावोगाव हिंडून, कुत्री अंगावर घेऊन, दोन हजाराला टोचून व्हायचं. राहिलेलं हजारभर मैनुद्दीन दवाखान्याच्या बाकड्यावर बसून टोचायचा. सुईनं नव्हे, पेनानं. मालकाचं नाव, गाव, जनावराचा रंग, वय, सगळं एका बैठकीत. ह्याला खोटं लिहिणं असं कुणी म्हणत नसे. रजिस्टर पूर्ण करणं म्हणत. डॉक्टर सही ठोकायचे, रजिस्टर तालुक्याला जायचं, तिथून परत येऊन माळ्यावर पडायचं आणि पुढं ते वाळवीचं. एकतीस वर्षांत एकही साहेब असं म्हणाला नाही, की मैनुद्दीन, ही तांबडी गाय लिहिलीस ना, चल, दाखव मला.

अशा कामात हात बसला की बसला. तो वाईट माणूस नव्हता. पैसा त्यानं कुणाचा खाल्ला नाही, लसीची बाटली विकली नाही, उन्हातान्हात कुणाच्या हाकेला नाही म्हटला नाही. पण कागद म्हटला की तो भरायचा असतो, एवढंच त्याला माहीत. तो कुणी वाचतं, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

दवाखान्यातून सेवानिवृत्त होऊन त्याला दीड वर्ष झालं, तेव्हा भगवानराव मास्तरांची लेक आरोही एका संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. ही पोर लहानपणी शाळा सुटली की घरी जायच्याऐवजी दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसायची. मैनुद्दीन जखमेतल्या अळ्या काढायचा आणि ही नाक न मुरडता बघायची. पुढं परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकली, आता संशोधनाला लागली होती. तिच्या हातात थर्माकोलची पेटी होती आणि पेटीत जांभळ्या बुचाच्या काचेच्या पन्नास नळ्या, वर एक जास्तीची.

"चाचा, मला तुमचा हात पाहिजे," ती म्हणाली. "पाच जातींची जनावरं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि गाढवीण. एकेकीच्या दहा-दहा. दहाही वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या गावच्या, एकमेकींच्या नात्यातल्या नकोत. दर जनावराचं एक नळी रक्त."

"कशापायी?" मैनुद्दीननं विचारलं.

तेव्हा तिनं बाजेवर मांडी घालून, चहा गार होऊ देत सांगितलं. व्यालेल्या जनावराच्या अंगात दूध तयार करायला लावणारं एक संप्रेरक असतं.

"पान्ह्याचं इंजेक्शन देतेत तसलं?"

"त्याची थोरली बहीण समजा. इंजेक्शनातलं हार्मोन आलेलं दूध सोडायला लावतं. हे मुळात दूध करायला लावतं. हे कसं बनवायचं त्याची कृती दर जनावराच्या रक्तात लिहिलेली असते. त्याला जनुक म्हणायचं. आता येसरआमटी आपल्याकडं घरोघर होते, पण तुमच्या घरची, आमच्या घरची, थोडीथोडी वेगळी होते का नाही? तशी ही कृती गाईची निराळी, शेळीची निराळी. कुठं, किती निराळी, ते मला अक्षर अक्षर लावून बघायचंय."

"आन् गाढवीण?"

"गाढविणीचं दूध सगळ्यांत पातळ, आईच्या दुधाच्या जवळचं. तान्ह्या लेकराला चमचाभर पाजतात ना आपल्याकडं. मला खरी उत्सुकता तिचीच आहे."

मैनुद्दीनला त्यातलं निम्मं कळलं आणि सगळं आवडलं. निवृत्तीनंतर माणसाला कुणी कामाचं म्हणून बोलवायला आलं की छाती फुगतेच. नळीबरोबर एकेक कागद होता, त्यावर मालकाचं नाव, गाव, जनावराचं वय, वेत कितवं, एवढं लिहायचं. "लिहिण्याचं माज्यावर सोड," तो म्हणाला, आणि इथंच पाल चुकचुकायला पाहिजे होती. पण ती काही चुकचुकली नाही.

पहिल्या चाळीस नळ्या त्यानं इमानानं भरल्या. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं ह्याच चाळीस नळ्यांचं त्याला सगळ्यांत जड जाणार होतं. स्कूटीच्या पायाशी पेटी, पेटीत बर्फ, आणि हा बावीस दिवस गावं पालथी घालत हिंडला. मेंढ्यांचे कळप दिवसभर रानात, म्हणून दिवस कलताना वाड्यावर जाऊन थांबायचा. रक्त म्हटलं की बायाबापड्या बिचकत, "कावून घेता, जनावर आटंल की," म्हणत. त्यांना समजावता समजावता घसा बसला. एकदा दोन गावच्या दोन शेळ्या बहिणी निघाल्या, तर त्यातली एक नळी त्यानं स्वतः होऊन ओतून दिली. आरोहीला फोन करून तसं सांगितलंही. ती म्हणाली, "चाचा, माझ्या कॉलेजात तुमच्याइतकं काटेकोर कुणी नाही." त्या वाक्यावर मैनुद्दीन चार दिवस जगला.

गाढविणींनी मात्र त्याच्या नाकी नऊ आणले. एके काळी ह्याच भागात वीस-वीस घरांत गाढवं होती. आता माती वाहायला ट्रॅक्टर, विटा वाहायला टेम्पो. जी थोडी उरली ती गेवराईकडं वाळू वाहायला गेलेली. कुणी म्हणालं मांजरसुंब्याच्या पुढं एका वीटभट्टीवर आहेत, तर पाऊण दिवस मोडून तिथवर गेला. होती दोन, तीही नर. परत येताना पाठीत उसण भरली. एकच गाढवीण त्याला ठाऊक होती ती कडा रस्त्याच्या भट्टीवरच्या रामहरीची, करड्या रंगाची, दोन वेतांची.

बुधवारी आरोहीचा फोन आला. "चाचा, शुक्रवारी सकाळी कॉलेजची गाडी नगरवरून येतेय. त्याच गाडीत नळ्या द्या, परत महिनाभर गाडी नाही. झालं ना सगळं?"

आता इथं माणसानं म्हणायचं, बेटा, गाढविणी मिळंनात, एकच हाय. तिनं काही त्याला फासावर दिलं नसतं. पण काटेकोर म्हणून नाव झालं होतं ना. मैनुद्दीन म्हणाला, "होतंय."

गुरुवारी दुपारी तो रामहरीच्या भट्टीवर गेला. गाढवीण गरीब होती, मानेला हात लावला तरी हलली नाही. शीर सापडली, सुई गेली, पहिली नळी भरली. सुई शिरेत तशीच होती. रक्त येत होतं. पेटीत नऊ नळ्या रिकाम्या होत्या. त्यानं दुसरी लावली. मग तिसरी. हात आपोआप चालत होता आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की रजिस्टर पूर्ण होतंय.

"एवढ्या नळ्या कावून, मैनूभाई?" रामहरीनं विचारलं.

"काम हाय बाबा वरचं. भरून द्यावं लागतंय," तो म्हणाला.

मग विटांच्या थप्पीच्या सावलीला बसून त्यानं दहा कागद लिहिले. पूर्वी ज्यांच्या दारात गाढवं होती त्यांची नावं एकेक आठवली. त्यातला एक वारून चार वर्षं झाली होती, त्याचंही लिहिलं. दर गाढविणीला निराळं वय दिलं, निराळी वेतं दिली. एकीला तर जरा लंगडतेय असं लिहून टाकलं, म्हणजे कागद खरा वाटतो. हे सगळं करताना त्याला जराही लाज वाटली नाही. उलट वेळेत झाल्याचं हलकं वाटलं. लाज पुढं आली, आणि आली ती एकदम व्याजासकट आली.

पाच महिन्यांनी आरोही परत आली ती पेढे घेऊन. मैनुद्दीन दारात कडबा रचत होता. तिनं त्याला हात धुवायलासुद्धा वेळ दिला नाही.

"चाचा, गाढविणींनी कमाल केली. गाईंमध्ये फरक आहे, म्हशींमध्ये आहे, शेळ्यांमध्ये तर लई आहे. एका गावच्या शेळीत एक अक्षर, दुसऱ्या गावच्या शेळीत दुसरं. आणि गाढविणी? दहाच्या दहा सारख्या. अगदी अक्षराला अक्षर. आईकडून एक अक्षर आलंय आणि बापाकडून दुसरं, अशा ज्या जागा आहेत ना, त्यासुद्धा दहा जणींत त्याच. असं कुठं दिसत नाही."

मैनुद्दीनच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"माझ्या संशोधनाच्या सरांना वाटलं काहीतरी गडबड आहे," आरोही हसत म्हणाली. "म्हणाले, ह्या दहा नळ्या एकाच जनावराच्या असतील, नळ्या भरणाऱ्यानं कंटाळा केला असेल. मी त्यांच्याशी भांडले, चाचा. सगळ्यांसमोर. म्हटलं, सर, दोन शेळ्या बहिणी निघाल्या तर नळी ओतून देणारा माणूस आहे तो. तुम्ही माझ्यावर शंका घ्या, त्यांच्यावर नको. मग गप्प बसले. पुढच्या महिन्यात नागपूरला मोठी सभा आहे, तिथं मी हेच मांडणार. आणि आभारात पहिलं नाव तुमचं."

पोरीचा चेहरा असा फुलला होता की बघवत नव्हता. मैनुद्दीनच्या कानशिलात ऊन शिरल्यासारखं झालं. आत्ता सांगावं, असं जिभेच्या टोकाशी आलं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते हे, "चांगलं झालं, बेटा."

गाढविणीपाशी त्यानं जे केलं ती खोड होती, सवय होती, म्हणा काहीही. पण हे तीन शब्द म्हणताना तो पुरता जागा होता. पहिलं पाप हातानं झालं, हे दुसरं तोंडानं, आणि हे जास्त वाईट होतं. त्याचं त्यालाही कळलं. तिनं दिलेला पेढा त्यानं खाल्ला नाही, खिशात ठेवला. खिशात त्याचा चुरा झाला.

त्या दिवसापासून मैनुद्दीन मास्तरांच्या घरावरून जाईना. चौकात जायचं तर ओढ्याकडून वळसा घालून जायचा. जुम्म्याच्या नमाजाला पुढच्या रांगेत बसणारा माणूस चपलांपाशी बसू लागला. त्यात भगवानराव मास्तर पडले भोळे. त्यांनी हॉटेलात बसून सगळ्यांना सांगितलं की आपल्या मैनूभाईचं नाव नागपूरला वाचणार आहेत. झालं. जो भेटेल तो म्हणू लागला, "काय डॉक्टर, आता आमाला वळख देता का न्हाई?" मैनुद्दीन हसल्यासारखं करायचा. आपल्याच गावात तोंड लपवायला जागा उरली नाही, असं त्याला झालं. आणि खरं सांगायचं तर लोकांचं त्याला तेवढं वाटत नव्हतं. ती पोर भरल्या खोलीत उभी राहून आपल्यासाठी भांडली, हे आठवलं की तो भरल्या ताटावरून उठायचा.

त्याची बायको रहेमतबी आठ दिवस बघत होती. नवव्या दिवशी भाकरी टाकता टाकता तिनं तवा उतरवला आणि समोर बसली. त्यानं सांगितलं. एकाच गाढविणीच्या दहा नळ्या आणि त्यातली एक लंगडी, हे ऐकून तिला आधी हसूच आलं. मग नवऱ्याचं तोंड बघून ती थांबली.

"गाढवी की बात छोडो," ती म्हणाली. "बच्ची तुमारे वास्ते झगडी. उसको नागपूर जाने से पैले मालूम होना."

"ती थुंकंल तोंडावर."

"थुंकने देव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. इस्त्रीचा शर्ट घालून गेला, का ते त्यालाच ठाऊक. आरोही ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. मास्तर लगबगीनं उठले, खुर्ची पुसली, आत चहाचं सांगायला निघाले.

"मास्तर, चहा नगं. तुमी बी बसा. तुमच्या म्होरंच सांगायचं हाय," मैनुद्दीन म्हणाला. खुर्चीवर तो बसला नाही. "गाढविणी दहा न्हाईत. एकच हाय. रामहरीची. म्या तिच्याच दहा नळ्या भरल्या आन् नावं खोटी लिहिली."

आरोहीला ते पहिल्यांदा समजलंच नाही. "दहा नळ्या... पण कागद तर वेगळे होते. एक लंगडत होती."

"कुणी लंगडत न्हाई."

मास्तर खाली बघू लागले. पोरगी ओरडली असती, काही फेकून मारलं असतं, तर मैनुद्दीनला बरं वाटलं असतं.  लॅपटॉपवर काहीतरी उघडलं होतं ते तिनं बंद केलं. मग तिनं एकच विचारलं.

"आणि बाकीच्या चाळीस?"

"खऱ्या हायत, बेटा. एकूण एक खऱ्या. कुराणाची शपथ घेऊन सांगतो."

"शपथ नका घेऊ, चाचा," ती म्हणाली. "सरांनी विचारलं तर मी काय सांगू, त्यांनी शपथ घेतलीय?"

 बावीस दिवसांचं ऊन, ती ओतून दिलेली नळी, रात पडेस्तोवर मेंढ्यांच्या वाड्यावर काढलेल्या संध्याकाळी, सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही आता खरं म्हणून दाखवता येत नव्हतं. दहा खोट्या नळ्यांनी चाळीस खऱ्या नळ्या नासवल्या होत्या. हे त्याच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. गाढविणींचं तेवढं बाजूला काढलं की संपलं, अशी त्याची समजूत होती.

तिनं त्याच्यासमोरच फोन लावला. "सर, तुमचं बरोबर होतं," एवढंच म्हणाली. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. ती मधूनमधून हो म्हणत होती आणि तिचे डोळे भरत होते. मैनुद्दीन खुर्चीची पाठ धरून उभा होता. फोन ठेवून ती म्हणाली, "नागपूरचं रद्द केलं. चाळीसही घरी परत जायचं. मालकाला विचारायचं, जनावर बघायचं, पुन्हा रक्त घ्यायचं आणि जुन्या नळीशी लावून बघायचं. जुळलं तर ठीक. चाचा, तुम्हाला यावं लागेल. घरं तुम्हालाच माहीत आहेत."

"येतो की," तो म्हणाला.

दोन दिवसांनी दोघं निघाले. आरोही दारात गेली की म्हणायची, "नोंद जुळवायची होती. पाच-सहा महिन्यांमागं तुमच्या जनावराचं रक्त कुणी घेतलं होतं का?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, घेतलं होतं की, आमच्या मैनूभाईंनी. कुणी दिवस सांगायचं, कुणी वेळ सांगायचं. एक जण तर म्हणाला की त्या दिवशी मैनूभाई उपाशी होते, आमच्याकडंच जेवले. सगळं जुळत होतं. जुळल्यावर खरं तर त्याचा जीव भांड्यात पडायला पाहिजे होता. पण ज्या त्या घरची माणसं त्याच्याकडं बघून हसून सांगत होती, आणि ही पारख मैनूभाईंचीच चाललीय हे त्यांना माहीत नव्हतं. रक्त मात्र तोच घेत होता. त्याच्याइतकं न दुखवता कुणाला जमत नव्हतं, म्हणून सुई आरोहीनं त्याच्याकडंच दिली होती. बोलत मात्र ती कामापुरतीच होती. चाचा म्हणायची, पण चाचा म्हणून काही सांगायची नाही.

सतरावं घर वत्सलाबाईचं. ही म्हातारी ओढ्याच्या काठाला एकटी राहते. लेक आणि सून दर साल ऊस तोडायला कारखान्यावर जातात आणि दोन शेळ्यांवर हिचं चालतं. तोंडानं फटकळ. आरोहीनं नेहमीसारखं विचारलं, तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तराची ना गं तू? मग असं कावून इचारती? मैनूभाई समोर उभा हाय आन् तू मला इचारती, त्यो आलता का? माजी शेळी अडली तवा ह्यो मानूस पहाटं चार वाजता आलता, पावसात. ह्याच्यावर इस्वास न्हाई व्हय तुजा? शिकलीस म्हून मान्साला असं हिणवायचं आस्तंय का?"

आरोहीचा चेहरा उतरला. ती सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही. "तसं नाही आजी, नियम आहे," ती हळूच म्हणाली, आणि वहीत बघू लागली.

पोर दुसऱ्यांदा त्याची बाजू घेत होती. ह्या वेळी खरं माहीत असून घेत होती, वर शिव्या खात होती. मैनुद्दीनला ते सोसवेना.

"वत्सलाबाई, तिला बोलू नगा," तो म्हणाला. "ती बराबर करती. माजीच चूक हाय. म्या गाढवांचं खोटं लिहून दिलं. एका गाढविणीचं रगत दहांचं म्हून दिलं. पोरीचं समदं काम माज्यानं बुडालं. म्हून ती दारोदार इचारत हिंडती."

वत्सलाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "माज्या शेळीचं?"

"तुमच्या शेळीचं खरं हाय."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. मग ती गोठ्यात गेली, शेळीचं दावं सोडलं आणि ओढत बाहेर घेऊन आली. मैनुद्दीन सवयीनं सुई घेऊन पुढं झाला तशी ती थांबली.

"सुई पोरीकडं द्या," ती म्हणाली. "तुमी शेळी धरा."

आवाज चढवून बोलली नाही. राग होता असंही नाही. जरा दार लोटून घे, असं कुणालाही सांगावं तसं सांगितलं. शेळी धरायला काय, शेजारचं कुणीही धरतं. मैनुद्दीननं आरोहीकडं बघितलं. ती क्षणभर घुटमळली, मग तिनं हात पुढं केला. त्यानं सुई दिली आणि गुडघ्यावर बसून शेळीची मान दोन्ही हातांत घेतली.

आरोहीला पहिल्या टोचण्याला शीर मिळाली नाही. शेळी ओरडली. दुसऱ्यांदाही सुई बाजूनं गेली. मैनुद्दीननं बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसता अंगठा मानेखाली दाबून शीर वर आणली. तिसऱ्यांदा रक्त आलं.  वत्सलाबाईनं आरोहीला पाणी दिलं, त्यालाही दिलं, पण मैनूभाई म्हणून हाक मारली नाही.

वाटेला लागल्यावर आरोहीनं पुढचं घर कुणाचं ते विचारलं. त्यानं हातानंच दाखवलं. तिथं मोठी काळी म्हैस होती, मारकी म्हणून गावात नाव असलेली, आणि तिचा मालक लांबूनच म्हणाला, "या डॉक्टर." मैनुद्दीननं सुई आरोहीच्या हातात दिली आणि जाऊन म्हशीचं दावं धरलं.